नबीलचा गुडघा

लक्ष्मीकांत पेडणेकर कुवेतमध्ये, फिंतासला, आमच्या वरच्याच मजल्यावर राहतो. मूळचा कुडाळचा, इथल्या एका फुटबॉल क्लबात फिजिओथेरपिस्ट. एरवी मोजकं बोलणारा माणूस, पण २०१५ च्या ऑक्टोबरचा विषय निघाला की अजूनही त्याचा आवाज चढतो.

क्लबचा गोलकीपर नबील राष्ट्रीय संघातही होता. सकाळी अग्निशमन दलात नोकरी, संध्याकाळी सराव. इथले बरेच खेळाडू असेच. मार्चमध्ये त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पुढचे सात महिने लक्ष्मीकांतने तो गुडघा तान्ह्या मुलासारखा सांभाळला. रमझानातसुद्धा इफ्तारनंतर व्यायाम चुकला नाही. सगळं एका तारखेसाठी. सतरा नोव्हेंबर, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत म्यानमारशी घरच्या मैदानावर सामना.

ऑक्टोबरच्या मध्यावर, एका शुक्रवारी, नबीलने पहिल्यांदा दोन्ही बाजूंना न कचरता झेपा घेतल्या. लक्ष्मीकांतने आनंदाने बायकोला, शामलाला, तिच्या कामावर हॉस्पिटलात फोन लावला.

"अहो, तुम्हाला कळलं नाही का?" ती म्हणाली. "फिफाने कुवेतला बाहेर काढलं. अख्ख्या देशाला!"

आपण काहीतरी भलतंच ऐकलं असं वाटून तो तडक मॅनेजर यूनुसच्या केबिनमध्ये गेला. यूनुस फोन बाजूला ठेवून नुसता भिंतीकडे बघत बसला होता.

"खरं आहे," तो म्हणाला. "आपल्या क्रीडा कायद्यावरून. सरकार फुटबॉल संघटनेच्या कारभारात हात घालतं, असं त्यांचं म्हणणं. आपली लीग चालेल, पण बाहेरच्या कुणाशी खेळायचं नाही. आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरी गाठलेले आपले दोन क्लबही घरी बसले."

"आणि म्यानमार?"

यूनुसने नकारार्थी मान हलवली. पुढे तो सामना कुवेत न खेळताच तीन गोलांनी हरल्याची नोंद झाली.

नबील गुडघ्यावर बर्फ ठेवून टेबलावर पडला होता. लक्ष्मीकांतने सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग उठून बसला.

"डॉक्टर, कायदा मी केला?"

बर्फाची पिशवी घसरून फरशीवर पडली. ती उचलायचं दोघांना सुचलं नाही.

दोन वर्षं तेच क्लब आणि तेच चेहरे एकमेकांशी खेळत राहिले. तेहतिसाव्या वर्षी नबीलने हातमोजे कायमचे काढले. त्यानंतर काही महिन्यांनी, २०१७ च्या डिसेंबरात, बंदी उठली. कतारला व्हायची आखाती देशांची स्पर्धा एकदम कुवेतला आली, तीही बंदी उठल्यापासून सोळा दिवसांत. राष्ट्रीय संघाला फिजिओ कमी पडत होते म्हणून लक्ष्मीकांतला बोलावणं आलं. तपासणी करताना तो प्रत्येकाला विचारी, "देशासाठी किती सामने?" कितीतरी जणांनी सांगितलं, "एकही नाही." चांगले पंचविशीतले गडी!

पहिल्या सामन्याला स्टेडियम तुडुंब भरलं होतं. मध्यंतरात त्याचा फोन वाजला. नबील होता, अग्निशमन केंद्रावर ड्यूटीला.

"टीव्हीवर बघतोय. तुमचा डाव्या बाजूचा बचावपटू उजवा पाय जपतोय. बघा त्याला."

लक्ष्मीकांतने त्या पोराची उजवी मांडी दाबली तशी त्याने ओठ चावला. स्नायू ताणला होता, आणि पठ्ठ्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला काढू नका," तो म्हणाला. "परत बंदी आली तर?"

लक्ष्मीकांतने प्रशिक्षकाला बदली खेळाडूची खूण केली, आणि पट्टी बांधायला घेतली.