देवीला इंग्रजी कुठे येतं?

डोंगराकडच्या चहाच्या गावातून यिंग शुमिन लग्न होऊन या बंदरात आली आणि पहिल्याच जेवणात तिने ताटातला मासा उलटा केला. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. ज्या घरचा माणूस दर्यावर असतो त्या घरात मासा उलटत नाहीत; मासा उलटला की बोट उलटते म्हणतात. वरची बाजू संपली की मधला काटा उचलायचा आणि खालचं खायचं. सासूबाई रागावल्या नाहीत, नुसत्या उठून गेल्या. मग शुमिन एकेक शिकली. वाडगा पालथा घालायचा नाही, बोटी बाहेर असताना वादळाचं नाव काढायचं नाही. पटलं मात्र काडीचंही नाही. शिकलेली बाई ना!

मासळीच्या कारखान्यात परदेशी गिऱ्हाइकं येऊ लागली, तशी मालकाने बायकांना इंग्रजी शिकवायला शुमिनला बोलावलं. खारट वासाच्या त्या शेडमध्ये एके दुपारी धडा निघाला ‘स्टॉर्म’चा. शुमिनने फळ्यावर लाटा काढल्या आणि बायकांनी माना खाली घातल्या.

“अहो, याचे दुसरेही अर्थ आहेत,” ती घाईने म्हणाली. “माणूस चिडून तरातरा निघून गेला तरी इंग्रज स्टॉर्मच म्हणतो. टाळ्यांचाही स्टॉर्म होतो.”

“टाळ्यांचा गडगडाट होतो, बाई,” पेई-वहिनी म्हणाली. तिचा नवरा शुमिनच्या नवऱ्याच्याच बोटीवर इंजिन सांभाळायचा. “वादळ कशाला आणायचं त्यात?”

“त्यांच्यात तसंच म्हणतात. म्हणा बघू सगळ्या.”

कोणी तोंड उघडेना. तेव्हा शुमिन हसून म्हणाली, “घाबरता काय? दर्या राखणाऱ्या माझूदेवीला इंग्रजी कुठे येतं?”

झालं! बायका खिदळायला लागल्या. पेई-वहिनीने तर पदराआड तोंड लपवल्यासारखं एप्रन तोंडावर धरून तो शब्द उच्चारला, मग पाय आपटत दारापर्यंत जाऊन मोठ्याने ओरडली. शेवटी सगळी शेड त्या एका शब्दाने दणाणून गेली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघालेल्या तुफानाने तोंड फिरवलं ते थेट इकडे. बोटींना परत बोलावलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या धक्क्याला लागल्या, एक सोडून. शुमिनच्या नवऱ्याच्या, हाईकुईच्या बोटीचा वायरलेस बोलेना.

पेई-वहिनी शेडमध्ये शुमिनसमोर येऊन उभी राहिली. “देवीला इंग्रजी येत नाही म्हणालीस. इतकी वर्षं बाहेरची जहाजं येतायत या बंदरात. शिकली असेल की ती!”

कोणी हसलं नाही.

“घे तो शब्द मागे. आत्ता.”

वाऱ्याला कुठली भाषा कळते, असं सांगायला शुमिनने तोंड उघडलं खरं. पण ती खिडकीकडे वळून थू थू थू करून थुंकली आणि लाकडी बाकावर बोटं आपटत राहिली. तिला स्वतःचीच लाज वाटली. लाजेहून मोठी भीती वाटली. घरी जाऊन सासूबाईंना काय तोंड दाखवायचं? हाईकुई आला नाही तर आपणच घालवला त्याला, हे आयुष्यभर कसं सोसायचं? घरी खिडक्यांच्या झडपा ठोकताना तिने खिळ्यामागून खिळा वाकडा केला. सासूबाई काहीच विचारत नव्हत्या.

वारा पडला तेव्हा खबर आली. बोट एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून होती. वायरलेसचं एरियल मोडलं होतं, माणसं धड होती. पेई-वहिनीने शुमिनला मिठी मारली आणि दोघी भर धक्क्यावर रडल्या.

हाईकुई घरी आला, दोन वाडगे शेवया ओरपल्या आणि म्हणाला, “शनिवारी निघायचंय परत.”

स्वयंपाकघरात शुमिन सासूबाईंजवळ गेली. “आई, मी तो शब्द बोलले होते. सगळ्यांकडून बोलवून घेतला. आता मेले तरी नाही बोलणार.”

“ठाऊक आहे. पेई सांगून गेली तेव्हाच.”

“मग मला काही बोलल्या कशा नाहीत?”

सासूबाई वाडगा पुसत राहिल्या. “तुझे सासरे वादळात बोटीसकट गेले ना, तेव्हा मी तो शब्द उच्चारला नव्हता गं. कधीच नाही. अख्ख्या गल्लीत कोणीच नाही.”

बाहेरून हाईकुईने हाक मारली, शनिवारसाठी जाड स्वेटर कुठे ठेवलाय म्हणून. शुमिनने सासूबाईंच्या हातातला वाडगा घेतला, उताणाच फळीवर ठेवला आणि स्वेटर काढायला गेली.