ज्या सावलीत मी बसले नाही

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. आईला तर नाहीच. एकदा एका डॉक्टर मैत्रिणीला सांगायचं म्हणून फोन लावला होता, पण तिनं उचलल्यावर हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. कुठंतरी सुरुवात करायला हवी, म्हणूनही असेल.

माझी ओळख करून देताना लोक ठरलेलं बोलतात — आधी बीडीएस, मग स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक आरोग्याची पदवी, मग केनियात दोन वर्षं शाळकरी मुलांच्या दातांचं काम, आणि आता सांगलीत कॉलेजात शिकवते. यातलं सगळं खरं आहे. मी जे सांगणार आहे ते या सगळ्याच्या आधीचं आहे.

साताऱ्याजवळच्या एका डेंटल कॉलेजात मी आणि रूपाली पाच वर्षं एका खोलीत राहिलो. मी सांगलीची, वडील प्राध्यापक, घरात इंग्रजी पेपर. ती रहिमतपूरची, वडील फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. तिचं इंग्रजी जरा अडखळायचं, पण हात — तिच्यासारखा हलका हात मी अजून पाहिला नाही. पेशंटला सुई टोचल्याचं कळायचंही नाही.

परदेशात जाऊन पब्लिक हेल्थ शिकायचं, हे आधी तिच्या डोक्यात आलं. हेही मी कधी कबूल केलेलं नाही. एकदा कँटीनमध्ये ती म्हणाली, "मेघे, दात उपटून उपटून किती उपटणार गं? किडूच नयेत म्हणून काय करायचं, ते शिकाय पाहिजे कुणीतरी." मला ते पटलं. की तिनं जावं आणि मी इथंच राहावं, हे सहन झालं नाही? आज नक्की सांगता येत नाही.

इंटर्नशिपच्या वर्षी दर बुधवारी कॉलेजची गाडी दुष्काळी माण तालुक्यात जायची, दहिवडीच्या पुढच्या एका गावात. तिथल्या निम्म्या बायका मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि बोटानं दातांवर घासत बसायचं. आम्ही कॅन्सरची चित्रं घेऊन गेलो. कुणी बघायला आलं नाही. मी दोनदा गेले. धूळ, ऊन, गाडीत मळमळ — तिसऱ्या बुधवारी मी डोकं दुखतंय म्हणून हॉस्टेलवर राहिले, आणि मग दर बुधवारी काही ना काही दुखतच राहिलं.

रूपाली वर्षभर गेली. चित्रं तिनं गाडीतच ठेवून दिली. दुपारी टँकर यायच्या आधी बायका रिकाम्या घागरी रांगेत लावून लिंबाच्या सावलीत बसतात, तेव्हा त्यांना वेळ असतो, हे तिच्या लक्षात आलं. ती त्यांच्यात जाऊन बसायला लागली. सुरुवातीला दातांचं नावही काढलं नाही. मग एका बुधवारी सहज विचारलं, पहिल्यांदा मिश्री कधी लावली, आठवतं का?

आणि हौसामावशी म्हणून एक बाई बोलल्या — "माजं लेकरू गेलं, तवा. भित्तीला टेकून बसलेवते. जाऊबाईनं बोटाला लावून दिली, म्हनली घास, इसर पडंल. पडला न्हाई. बोट मातुर तोंडातनं सुटंना झालं."

संध्याकाळी रूपालीनं मला हे जसंच्या तसं सांगितलं. पुढं हौसामावशींनी तिला तोंड दाखवलं. आत गालाला पांढरा चट्टा होता. रूपाली त्यांना एसटीनं मिरजेला घेऊन गेली, तपासणीला तुकडा काढताना हात धरून उभी राहिली. कॅन्सर नव्हता, पण व्हायला वेळ लागला नसता. त्यानंतर दर बुधवारी मावशी टँकरपाशी तिला आपलं बोट दाखवायच्या. आधी काळं, मग तपकिरी, मग नुसतं बोट.

रूपालीकडं लॅपटॉप नव्हता. अर्जासोबत जो निबंध लिहायचा असतो — हे शिक्षण तुम्हाला का हवं — तो तिनं माझ्याच लॅपटॉपवर लिहिला. साधी, आखूड वाक्यं. घागरी, सावली, मावशींचं बोट. लिहून झाल्यावर माझ्याकडं लॅपटॉप सरकवला. "खरं सांग हं. लय घरगुती वाटतंय का?"

मी वाचलं. माझ्या अंगावर काटा आला. आणि मी म्हणाले, "हो गं, घरगुतीच वाटतंय. त्यांना असलं नको असतं. आकडे लागतात, संदर्भ लागतात. हे काढून टाक."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवसापासून लायब्ररीत बसून तिनं तक्ते भरलेला एक कोरडा निबंध तयार केला. पहिला माझ्या लॅपटॉपवर तसाच राहिला. मी त्याचं इंग्रजी नीट केलं, "मी" जिथं होतं तिथंच ठेवलं, खाली माझं नाव घातलं आणि पाठवून दिला. त्याच विद्यापीठाला. माझी निवड झाली. तिची झाली नाही.

जाताना तिनं मला रहिमतपूरहून चिवड्याचा डबा आणून दिला. म्हणाली, "तू गेलीस म्हंजे मीच गेले." मी तिला मिठी मारली. कशी मारली असेल मी ती मिठी?

स्कॉटलंडमध्ये पहिल्याच आठवड्यात वर्गात प्रत्येकाला विचारलं, तू इथवर कशी पोचलीस? मी हौसामावशींची गोष्ट सांगितली. घानाच्या एका मुलीनं डोळे पुसले. मग मी ती गोष्ट सांगतच राहिले — मुलाखतीत, परिषदेत, जेवणाच्या टेबलावर. इतक्यांदा सांगितली की मला ते दिसायला लागलं. तापलेल्या धुळीचा वास यायला लागला, रिकाम्या घागरीवर घागर आपटल्याचा आवाज ऐकू यायला लागला. बाहेर ती बारीक, न थांबणारी पावसाची भुरभुर, आणि मी खिडकीशी बसून माणमधल्या त्या लिंबाखालच्या दुपारींसाठी झुरायचे. हसू नका. मला खरंच तिथं परत जायचं होतं. पण परत जायला आधी गेलेलं असावं लागतं ना?

केनियात मी तसं करून बघितलं. एका गावात नळापाशी बायकांमध्ये जाऊन बसले. दुभाषा सोबत होता. दहा मिनिटांत माझं लक्ष घड्याळाकडं गेलं, आणि ते त्या बायकांनी पाहिलं. एकेक करून उठल्या, पाणी भरून गेल्या. त्या दिवशी मला रूपालीची इतकी आठवण आली, की मी तिला लांबलचक पत्र लिहायला बसले. सगळं लिहिणार होते. शेवटी हवामान लिहिलं, जिराफ लिहिले. पाठवलं. तिचं उत्तर आलं — रहिमतपुरात दवाखाना टाकलाय, खुर्ची बसवली, ये कधीतरी.

मी गेले नाही. परत येऊन चार वर्षं झाली तरी गेले नाही. सांगलीहून रहिमतपूर असं कितीसं लांब आहे?

मागच्या वर्षी साताऱ्यात इंटर्न मुलामुलींसाठी एक कार्यक्रम होता. मला बोलायला बोलावलं होतं. बोलायला उभी राहिले, गोष्टीला हात घातला, घागरींपर्यंत आले — आणि समोर पाचव्या रांगेत रूपाली दिसली. केसांत एखाददुसरा पांढरा, मांडीवर पर्स, मान किंचित कललेली. पूर्वी माझं काही ऐकताना कलायची तशीच.

एक श्वास होता मध्ये. तेवढ्यात "माझी एक मैत्रीण" एवढे तीन शब्द सहज मावले असते. ती समोर बसली होती, मी नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणाले, "मग मी त्यांच्यात जाऊन बसले." आणि शेवटपर्यंत "मी"च म्हणत राहिले. तिच्याकडं न बघता.

टाळ्या झाल्या. चहाच्या टेबलापाशी ती आली. माझ्या दंडाला हात लावला, नेहमीसारखा हलका.

"छान बोलतीस गं आता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हौसामावशी गेल्या. दोन वर्षं झाली. म्हातारपणानंच गेल्या, तोंडाचं काही नव्हतं. तुला कळवायचं राहिलं."

तिच्या आवाजात टोमणा होता का? मी रोज शोधते. सापडत नाही. कार्यक्रम ठेवणाऱ्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी रूपालीला विचारलं, "म्हणजे तुम्हीपण ओळखत होता त्यांना?"

रूपालीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. वाट बघत. मी कप तोंडाला लावला.

"हो, थोडंफार," ती म्हणाली. कप बशीत ठेवला, पेशंट थांबलेत म्हणाली आणि गेली. मी तिला दारापर्यंतही सोडायला गेले नाही.

ती दिसेनाशी झाली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना. त्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "मॅडम, किती जीव होता तुमचा त्या मावशींवर."

मी मान हलवली. हो म्हणून.

हौसामावशींशी मी आयुष्यात एक शब्दही बोललेले नाही.