उशाचा चिरा

पाहुण्यांचे बूट मळू नयेत म्हणून माझ्या बापाच्या कबरीचा दगड त्यांच्या पायाखाली घातला होता.

रत्नागिरीतल्या गोऱ्या साहेबांच्या जुन्या दफनभूमीची साफसफाई झाली होती. वारसा म्हणे. त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. पाहुण्यांना थडग्यांवरचं इंग्रजी वाचून दाखवायला आयोजकांनी मला बोलावलं होतं. कॉलेजात मी तेच शिकवते. एका साहेबाच्या संगमरवरावर लिहिलं होतं, याचे उपकार हा मुलूख विसरणार नाही. मुलखाला त्याचं नाव वाचायला माणूस लावावा लागला.

दफनभूमीच्या दगडी कुंपणाच्या, गडग्याच्या पलीकडे आमच्या वाडीची माणसं पुरतात. आत जागा कधीच नव्हती. नाव कोरायची रीत नाही. उशाशी जांभ्याचा चिरा. त्यात घरच्या बाईने स्वतः कोरलेला वाटीएवढा खळगा. मेलेल्याच्या आवडीचं त्यात ओतायचं. बाबांना आई कोरा चहा ओतते. साखर जास्त.

त्या दिवशी आई सोबत होती. फाटकाशी चिखल, चिखलावर चिऱ्यांची वाट. पहिल्याच चिऱ्यापाशी तिने चपला काढल्या.

"बघा, याला म्हणतात श्रद्धा," आयोजक मागच्यांना म्हणाले.

आई वाकली. खळग्यावरून बोट फिरवलं. एक कड उडालेली. कोरताना तिच्याच हातून उडाली होती.

"पाय नको ठेवू गो," ती मला म्हणाली. "तुझे बाबा हायत."

मी आयोजकांना सांगितलं. ते हसले.

"मॅडम, पलीकडे पडलेले दगड ते. नाव कुठे आहे त्यांच्यावर? कार्यक्रम झाला की टाकतो परत."

टाकतो.

मी गडग्यावरून पाहिलं. उपटलेल्या जागी तांबडे खड्डे, पाण्याने भरलेले. कुठला चिरा कुणाच्या उशाचा, ते आता मेलेल्यांनाच ठाऊक. अजूनही वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे कुणीतरी आपला दगड मागत उभं असतं.

पाहुण्यांची गाडी आली.

"मॅडम, जरा बाजूला."

तोवर दर वेळी बाजूला झाले होते. त्या दिवशी चिखलात बसले, चिऱ्यावर दोन्ही हात ठेवून. आई शेजारी बसली. पाहुण्यांनी काच खाली केली, आम्हाला पाहिलं, काच वर केली.

नंतर चिरे परत लावले. बाबांचा जागी गेला. बाकीचे अंदाजाने.

आता शहाणी माणसं सुचवतात, नावं कोरून घ्या, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. कोरणार नाही. आमची माणसं मेली याचा दाखला आम्ही कुणाला देणं लागत नाही. ज्याला तिथला दगड उचलायचा असेल, त्याने आधी मला उचलायचं.