कोरमापुरत्या बाया

"हात वर करून झाल्यावर काय विचारतं वं? तुले कोरमासाठी बोलावलं. चहा घे अन् जाय."

भर ग्रामसभेत, माइकवरून, सरपंचाच्या नवऱ्यानं मले असं म्हटलं. खुर्च्यांवरचे लोक हसले. एका मॅडमनं तोंडासमोर रुमाल धरला, पण तिचे खांदे हलून राहिले होते. खरी सरपंचबाई टेबलामागं हार घालून बसली होती. मी मागं, दाराजवळच्या सतरंजीवर उभी. चहाचा कागदी कप कोणीतरी माझ्या हातात दिला. अन् मी तो मुकाट पेला. त्या चहाचा राग अजून जात नाई.

आमचं गाव बेसाच्या पलीकडं. नागपूर वाढत वाढत आमच्या धुऱ्या-बांधापर्यंत आलं. वावरं गेली, फ्लॅटच्या स्कीमा उभ्या झाल्या. कारभार मात्र अजून ग्रामपंचायतीचाच. ग्रामसभेले ठरलेली माणसं हजर पाहिजेत, नाई तं सभा होत नाई. त्यालेच कोरम म्हणतेत. स्कीमवाले चार-सहा येतेत, खुर्चीवर बसतेत. गावातले मोठे लोकही तेवढेच. मंग उरलेला कोरम भरायले आमची वस्ती. सरपंचाचा नवरा मोटरसायकल घेऊन विहारासमोर येई अन् हॉर्न वाजवे. चला वं बायांनो, कोरम भरून द्या. आम्ही हातातलं काम टाकून निघत होतो. सतरंजीवर बसायचं. ग्रामसेवक भराभर काईतरी वाचे. हात वर म्हटलं की हात वर. दिव्याचा खांब असो की कोणाचा सत्कार. आम्हाले वाटे, आपल्याले मान आहे म्हणून बोलावतेत. कोणी बोलावलं यातच आम्ही खुश.

त्या दिवशी ग्रामसेवकानं वाचलं, अमुक गट नंबरची सरकारी जागा घनकचरा केंद्राले देण्यात यावी. हात वर. माझाही वर. हात खाली आल्यावर मी बाजूच्या शांताबाईले विचारलं, हे जागा कोठची वं? तिले ठाऊक नव्हतं. पूर्ण सतरंजीवर कोणालेच ठाऊक नव्हतं. म्हणून मी उठली, विचारलं, अन् माइकवरून ते ऐकून घेतलं.

जागा कोठची, ते बाहेर आल्यावर पंचायतीच्या चपराश्यानं सांगतलं. विहारामागचं मैदान.

अरे बापा! आमचंच मैदान. आमच्या घरात चार पाहुणे आले तं दोघं दारात बसतेत. लग्नाचा मांडव त्या मैदानावर, मयतीले आलेले लोक तिथं, जयंतीचं जेवण तिथं. अन् माझी पोट्टी पोलीस भरतीसाठी पहाटे तिथंच धावे. तिच्या संगं वस्तीतल्या बाकीच्या पोट्ट्या. धावायचा गोल त्याईनं स्वतः चुन्यानं आखला होता. तिथं स्कीमचा कचरा टाका म्हणून आम्ही मायांनीच सांगून आलो होतो. आपल्याच हातानं धोंडा पाडून घेतला, अन् तोही लेकरांच्या पायावर.

घरी सांगतलं तं पोट्टी माझ्याकडं पाहतच राहिली. "आई, तू पण हात वर केला?"

 मी पाठ फिरवून भांडे घासायले बसली.

त्या केंद्राचं काम सुरू करायचा विषय पुढच्या ग्रामसभेत होता. आम्ही बाया विहारात बसलो अन् ठरवलं, जायचंच नाई. भरू द्या त्याईले आपला कोरम. मोटरसायकल आली, हॉर्न वाजला, परत वाजला. एक बाई दारात आली नाई. कोरम भरला नाई, सभा तहकूब झाली. आमचं नाचायचंच बाकी राहिलं होतं. शांताबाई म्हणे, कशी जिरवली मेल्याची!

जिरली आमचीच होती. आठवड्यानं तीच तहकूब सभा पुन्हा घेतली. यावेळी हॉर्न नाई, हाक नाई. टेबलाजवळचे पाच-सात जण बसले अन् ठराव पास. मी धावतच पंचायतीत गेली. ग्रामसेवक डबा खाऊन राहिला होता. मान वर न करता म्हणाला, "तहकूब सभेले कोरम लागत नाई, बाई. मागच्या आठवड्यात येऊन विरोध केला असता, तं मले लिहावा लागला असता."

म्हणजे गेलो तं हात त्याईच्या कामाचे. नाई गेलो तरी सभा त्याईचीच. काहून नाई सांगतलं हे कोणी इतकी वर्षं? कोरम शब्द तेवढा शिकवला, त्याच्या पुढचा कायदा काहून लपवला? अन् आम्ही तरी काहून नाई विचारलं? माझ्या आजीनं छप्पन साली दीक्षा घेतली, ते काय आम्ही सतरंजीवर बसून हांजी हांजी करावं म्हणून? डोकं भणभण करून राहिलं होतं. रस्त्यानं येताना मी एकटीच मोठ्यानं बोलून राहिली होती, लोक वळून पाहत होते.

मंग गाड्या सुरू झाल्या. आता मैदानावर ओला कचरा, सुका कचरा, कुत्रे अन् माश्या. विहाराच्या खिडक्या लावून वंदना घ्यावी लागते. पोट्ट्या मोठ्या रस्त्याच्या कडेनं धावतेत, बाजूनं डंपर जातेत. माझी पोट्टी घरी येईस्तोवर माझा जीव थाऱ्यावर राहत नाई.

मागच्या महिन्यात परत ग्रामसभा लागली. हॉर्न वाजायच्या आधीच आम्ही पंचायतीत पोचलो अन् पुढच्या खुर्च्यांवर बसलो. स्कीममधले एक साहेब आले, आमच्याकडं पाहून घुटमळले. शांताबाई त्याईले म्हणे, सतरंजीवर जागा आहे नं भाऊ, बसा. सरपंचाचा नवरा आधी खुश, कोरम भरला म्हणून. ग्रामसेवकानं शाळेच्या गेटाले रंग द्यायचा ठराव वाचला. हात वर म्हटलं. आमचा एक हात हालला नाई.

मी उठली. आधी मैदानाचा विषय घ्या म्हटलं.

"तो विषय झाला. बस खाली."

"तुले कोणी निवडून दिलं? मी सरपंचबाईले विचारून राहिली."

 सरपंचबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मंग टेबलाकडं पाहिलं.  माझा विरोध लिहा, असं मी ग्रामसेवकाले सांगतलं, तो लिहीपर्यंत टेबलाजवळून हालली नाई. तेवढ्यात कोणीतरी माइक बंद केला, सभा संपली असं हातानंच सांगतलं.

कचरा अजून तिथंच आहे. रोज नवीन गाडी येते. आता मोटरसायकल आमच्या वस्तीत येत नाई, पण सभा कधी आहे ते आम्हीच पंचायतीत जाऊन विचारतो. घरचे म्हणतेत, सोड, कशाले डोक्याले ताप. नाई सोडत. दर सभेले पहिला विषय मैदानाचाच राहीन. माइक बंद केला तं बिना माइकची बोलीन. सभा तहकूब केली तं तहकूब सभेलेही जाऊन बसीन, तिथं कोरम लागो की न लागो. मैदान मोकळं होईस्तोवर मी त्या खुर्चीवरून उठत नाई.