बारावी रिंग

गावात त्याला तपासनीस म्हणत. तो कुठल्या खात्यात कधीच नव्हता, शेती सोडून त्याने दुसरं काही केलं नाही. पण नवी काड्यापेटी आणली की आतल्या काड्या मोजणारा माणूस, त्याला आणखी काय म्हणणार? पंपावर डिझेल भरताना हा मीटरला नाक लावून उभा. डॉक्टरने गोळ्या दिल्या की त्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचा, आणि त्याचा तरी काय भरवसा म्हणून शेवटी घ्यायचाच नाही. अशाने माणसं तुटत गेली. भाऊबंद येईनासे झाले, शेजारी कुंपणापलीकडूनच बोलू लागले. उंबरा ओलांडून आत येणारा एकच उरला होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो ट्रॅक्टरचा मिस्त्री होता.

ट्रॅक्टर तपासनिसाच्या लग्नाआधीचा. त्या वर्षी तो चढावर दम सोडायला लागला, तेव्हा मेहुणा म्हणाला, आता इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधायला हवं. झालं! तपासनिसाने गॅरेजात स्टूल टाकून आठ दिवस बैठक मारली. डोळ्यांत तेल घालून एकेक नट बघितला. पाचव्या दिवशी मात्र बायकोची दाढ ठणकायला लागली आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी परत येऊन बघतो तर पिस्टन आत गेलेले, वरचं झाकण घट्ट बसलेलं.

तिथेच पाल चुकचुकली. नेमकं त्याच दुपारी बरं उरकलं ह्याने!

ट्रॅक्टर ताब्यात देताना मेहुण्याने बजावलं, "भाऊजी, आजपासूनच नांगराला लावा. जागेवर नुसतं चालू ठेवू नका. भार पडला तरच नव्या रिंगा बसतात." जुने सुटे भागही त्याने पोत्यात घालून दिले. घरी आल्या आल्या तपासनिसाने ते अंगणात ओतले. तीन पिस्टन, प्रत्येकाला चार रिंगा, म्हणजे जुन्या रिंगा बारा हव्यात. भरल्या अकरा. त्याने पोतं उलटं करून झटकलं, पुन्हा मोजल्या. अकराच. मग काय, एक जुनी रिंग आत गेली आणि तिच्या जागची नवी मेहुण्याच्या कपाटात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

बायको दाढ दाबून दारात उभी होती. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. ती म्हणाली, "हे बघा, माझ्या माहेरचं आता तेवढं एकच माणूस राहिलंय. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. त्याच्याशी वाकड्यात शिरू नका."

मी कुठे काय बोललो, असं म्हणून तो मोकळा झाला. खरंच काही बोलला नव्हता. पण मेहुण्याच्या सांगण्यातही त्याला आता पाणी मुरताना दिसायला लागलं. ऑपरेशन झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कुणी पोतं उचलायला लावतं का? ह्याला इंजिन मोडूनच हवंय. मोडलं की पुन्हा ह्याच्याच दारात! मग तपासनिसाने स्वतःचं डोकं चालवलं. ट्रॅक्टर शेडमध्ये उभा करून अगदी हळू सुरू ठेवला, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. शेजारी खाट टाकून आवाज ऐकत बसला. बायकोने दोनदा विचारलं, अहो, त्याने नांगराला लावा म्हणून सांगितलं होतं ना? तुला इंजिनातलं काय कळतं, म्हणून त्याने तिला गप्प केलं. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी नांगर जोडला आणि अर्ध्या तासात निळा धूर. तेलाची पट्टी ओढून बघितली तर तेल दोन बोटं खाली. खरं सांगायचं तर तपासनिसाला आनंदच झाला. चोर सापडला होता.

गॅरेजात तेव्हा तीन गिऱ्हाइकं बसली होती. बायकोही हट्टाने सोबत आली होती. तिने बाही ओढली तरी तो थांबला नाही. चारचौघांत मेहुण्याला म्हणाला, "माझ्या घरी जेवतोस आणि माझ्याच इंजिनात जुनी रिंग घालतोस?"

मेहुण्याने हातातला पाना खाली ठेवला. गिऱ्हाइकांना म्हणाला, बसा, तुमच्यासमोरच खोलतो. दुपारपर्यंत त्याने इंजिन उघडलं आणि रिंगा एकेक करून कागदावर मांडल्या. बारा. बाराही नव्या, कंपनीचा छाप असलेल्या. जुनी बारावी काढतानाच तुटली होती. तिचे तीन तुकडे त्याने भंगाराच्या डब्यातून शोधून शेजारी ठेवले. मग तपासनिसाचा हात धरून पिस्टनच्या नळकांड्यात घातला. आतून ते आरशासारखं गुळगुळीत झालं होतं. त्याने समजावलं, की नव्या कामात तिथे मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ठेवतात. भार पडला की रिंगा त्या रेघांवर घासून बसतात. नुसतं हळू चालवत ठेवलं तर रेघा तुकतुकीत होऊन जातात, रिंगा बसतच नाहीत आणि तेल वर चढून जळतं.

"तासांच्या मीटरचा काटा चोवीस तास पुढे गेलाय," तो म्हणाला. "नांगरणी किती झाली?"

बायको म्हणाली, "एक वावरसुद्धा नाही. सहा दिवस शेडमध्ये चालू ठेवून बसले होते. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून."

गिऱ्हाइकं जमिनीकडे बघायला लागली. तपासनिसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकलो एवढं म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं भलतंच. म्हणाला, "मग आधीच नीट समजावून सांगायचं होतंस."

मेहुण्याने नळकांडी घासून पुन्हा रेघा पाडल्या, पुन्हा नव्या रिंगा घातल्या. तिसऱ्या दिवशी चावी बहिणीच्या हातात दिली आणि सूचनाही तिलाच सांगितल्या.

या वेळी तपासनिसाने गॅरेजातून ट्रॅक्टर थेट शेतात घातला. बायको बांधावर बसून तास मोजत होती. दोन दिवसांत धूर साफ झाला, आठ दिवस झाले तरी तेल पट्टीवरच्या खुणेवरून हललं नाही. इतकं सुंदर इंजिन त्याच्या ट्रॅक्टरला कधीच नव्हतं. मेहुण्याला सांगावं म्हणून त्याने फोन केला. रिंग वाजून वाजून बंद पडली. दुसऱ्या दिवशीही तेच.

मग बायकोने आपल्या फोनवरून लावला. त्याने लगेच उचलला. दोघं बहीणभाऊ अर्धा तास बोलले, दाढेचं, तपासनिसाच्या लेकीच्या परीक्षेचं, गॅरेजच्या गळक्या पत्र्याचं. तपासनीस समोर उभा होता, आता फोन आपल्याकडे येईल म्हणून हात पुसून. तिने बोलणं संपवलं आणि फोन ठेवून दिला.

"तेल कमी होत नाही ते सांगितलंस का?" त्याने विचारलं.

"त्याने विचारलंच नाही," ती म्हणाली.