कर्नाळ्याचा ड्रॅगन आणि वीस चिंचोके

वीस बाजूंचा फासा पनवेलच्या बाजारात मिळत नाही, हे मला पुस्तक विकत घेतल्यावर कळलं. रद्दीवाल्याकडे ते जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. एकाने मास्तर होऊन गोष्ट रचायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि वार लागला की नाही ते फासा टाकून ठरवायचं, असा तो खेळ. मास्तर मीच झालो. दुसऱ्या कुणाला होऊ दिलं असतं तर ना!

फाशावर मी तोडगा काढला. आईच्या डब्यातले चिंचोके दगडावर घासून फोडले. वीस अर्धुकं, एक बाजू पांढरी, दुसरी तपकिरी. सगळी एकदम टाकायची आणि पांढरी मोजायची. आला की नाही वीसपर्यंतचा आकडा? मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका. त्या वर्षी कॉलेजात माझा खास विषय संख्याशास्त्र होता, हे जरा तुमच्याआमच्यात राहू द्या.

खेळाडू दोनच. माझा धाकटा भाऊ आणि नवीन पनवेलला राहणारी मावसबहीण, जी सुट्टीभर आमच्याकडेच पडीक असायची. घरचे नियम हळूहळू पुस्तकातल्यापेक्षा जास्त झाले. चिंचोका कपाटाखाली गेला तर तो पांढरा धरायचा. अंगावर आलं की भाऊ टाइमप्लीज घ्यायचा आणि राक्षसाला मुकाट्याने थांबावं लागायचं.

कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्याखाली मी एक ड्रॅगन बसवला, त्याच्या मागे खजिन्याची पेटी. वार लागायला अठरा हवेत, त्याला आणि यांना सारखाच नियम. दोघं चिंचोके टाकायची. नऊ. अकरा. दहा. पुन्हा दहा. वीस चिंचोके एकदम टाकले की निम्मेशिम्मेच पांढरे पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला आपलं वाटायचं, काय भारी ड्रॅगन बनवलाय मी.

मग काकांची, म्हणजे मावसबहिणीच्या वडिलांची, नागपूरला बदली झाली. जायच्या आधी ड्रॅगन मारणारच, असं तिने जाहीर केलं. शेवटच्या दुपारी जेवण उरकून ती चिंचोके घेऊन बसली. भाऊ कंटाळून तिथेच झोपला.

"दादा, अठराचे पंधरा कर ना."

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. जसा काही तो मी सोडून दुसऱ्या कुणी केला होता.

तिने परत टाकले. दहा.

"या ड्रॅगनला पण अठराच लागतात ना?"

"हो."

"मग यानं आजवर आपल्याला साधं ओरबाडलं तरी आहे का रे? बिचारा नुसता बसलाय. मी नाही मारत त्याला. बाजूने जाते आणि पेटी उघडते."

बाजूने जायला मनाई करणारा एकही नियम मला आठवेना. मी घाईघाईने ड्रॅगनच्या वतीने चिंचोके टाकले. आठ.

"उघडली," ती म्हणाली. "आत काय आहे?"

आत काय आहे, ते मी ठरवलंच नव्हतं. बदलीचं कळल्यापासून मला एवढंच हवं होतं की ड्रॅगन मरू नये, खेळ अर्धा राहावा, म्हणजे दिवाळीत तिला परत यावं लागेल. ती गेल्यावर घर खायला उठणार होतं मला. हे सरळ तोंडाने सांगायचं सोडून मी शहाणा अठरा-अठरा करत बसलो होतो.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"उद्या सकाळी आमचं सामान निघतंय, दादा. आत्ता सांग."