चार नंबरचा खोकला

बायको म्हणते, "तुमच्या फाउंड्रीत काम कधी होतं हो? सगळे किस्सेच!" आता काय सांगू! अंबडच्या आमच्या शेडमध्ये ओतीव भाग घासून साफ करतात. वाळूची धूळ उडते आणि किस्सेही तिच्यासारखेच साचतात. आज झाडले, की उद्या पुन्हा तेवढेच.

धुळीत तोंडं दिसत नाहीत, म्हणून आम्ही एकमेकांना खोकल्यावरून ओळखतो. चार नंबरच्या मशीनवर निफाडचे रावसाहेब होते. दोन आखूड खोकले, एक लांब आणि वर "हुश्श!"

*

एकदा सेफ्टीवाले साहेब आले. सगळ्यांना मास्क वाटले, ग्रुप फोटो काढला आणि मास्क मोजून परत खोक्यात! रावसाहेब म्हणाले, "साहेब, फोटोतल्या छातीला तरी बरं वाटंल!"

*

पुढे रावसाहेब खोकून खोकून गेले. त्यांच्या मशीनवर मनमाडचा बाळू आला. वर्षभरात त्यालाही तेच: दोन आखूड, एक लांब, हुश्श!

रावसाहेबांच्या पत्नी कागदांवर सह्या करायला आल्या होत्या. आतला खोकला ऐकून शेडच्या दारातच थबकल्या आणि धुळीकडे बघून म्हणाल्या, "अवो, सुट्टी झाली ना? चला की घरी!"

धुळीतून बाळू बाहेर आला. मला अजून काटा येतो.

*

शिफ्ट संपली की शेडमधला म्हातारा तात्या प्रत्येकाला गुळाचा खडा देतो. गुळाने धूळ पोटात उतरते म्हणे! मास्क मिळो न मिळो, गूळ चुकत नाही. रावसाहेबांचा खडाही तो अजून चार नंबरवर ठेवतो. सकाळी खडा तिथे नसतो.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"या धुळीत उंदीर जगतो व्हय?" तात्या म्हणाला.

*

मग छातीची तपासणी निघाली. डाग दिसला की गेट बंद! बाळूची पोरगी बारावीला. तो रडकुंडीला आला. "दादा, माझ्या नावावर तू उभा राहा ना. तुला काय झालंय?"

खरंच, मला काय झालं होतं? साधा खोकलासुद्धा नाही! माझा नंबर पंधरा दिवसांनी होता. एक्स-रेच्या गाडीत मी बाळू म्हणून छाती फुगवून उभा राहिलो.

आठवड्याने, सुट्टीच्या वेळी, बाळू लिफाफा घेऊन आला. "दादा, उद्यापासून येऊ नको म्हणाले. दोन्ही फुफ्फुसांवर डाग हायेत."

"अरे, असं कसं? फोटो तर माझा..."

तात्याने दिलेला गुळाचा खडा बाळूच्या मुठीत होता, तो त्याने माझ्या हातावर ठेवला.